कडेला उडालेला रंग

"अहो, कागद!"

मी ओरडले, पण कंप्रेसरच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कळशी होती तिथंच टेकवली आणि धावले. मिस्त्री गाडीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर वाकून रंगाची गन फिरवत होते. या टोकाकडून त्या टोकाकडं, त्या टोकाकडून या टोकाकडं, एका लयीत. आणि त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर मी सकाळी चिकटवलेला कागद टेपेतून सुटून फडफडत होता. गनमधून निघालेला पांढरा रंग त्या फटीतून थेट काळ्या बंपरवर आणि पुढच्या दिव्यावर जाऊन बसत होता.

मी कंप्रेसर बंद केला. एकदम शांतता झाली.

"काय गं? मधीच का थांबवलंस?" तोंडावरचा रुमाल खाली ओढत मिस्त्री म्हणाले.

"कागद सुटलाय!"

"कुठला कागद?"

तो त्यांच्या शेजारी फडफडत होता आणि ते मला विचारत होते, कुठला कागद. मग त्यांनी सगळी मान वळवली, खांद्यासकट. कागदाकडं पाहिलं. बंपरकडं पाहिलं. गन हळूच खाली ठेवली.

"हे कधी झालं?" ते म्हणाले.

मला राग आला होता. गनच्या वाऱ्यानं कागद सुटतो, ते नवीन नाही. किती का घट्ट चिकटवा, कुठंतरी कोपरा उचलतोच. पण पेंटरचं लक्ष असतं. एका हातानं गन चालू ठेवून दुसऱ्या हातानं तो कोपरा दाबत पुढं जायचं, हे मिस्त्रींनीच मला लग्नानंतर पहिल्यांदा गॅरेजात आणलं तेव्हा करून दाखवलं होतं. आमच्या तालुक्यात गॅरेजात काम करणारी बाई मी एकटी. गाडी रंगवायच्या आधी जिथं रंग लागू द्यायचा नाही तिथं रद्दी आणि टेप लावायचं काम माझं. काचा, दिवे, आरसे, चाकं, सगळं झाकायचं. घरात मी त्यांची बायको, पण गॅरेजात सगळे त्यांना निवृत्ती मिस्त्री म्हणत, म्हणून तिथं मीही मिस्त्रीच म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

"वहिनी, बंपरला पिठीसाखर लावलीया जणू," मागून दगडू आला. दगडू डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. त्याचा हातोडा आणि त्याची जीभ, दोन्ही दिवसभर चालू. पण गाडीजवळ येऊन त्यानं नीट बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "ही डॉक्टरांची ना? आता येणार हाईत ते?"

"चारच्या सुमाराला," मी म्हटलं.

"मग मेलो."

मेलो म्हणण्यासारखंच होतं. गॅरेज दस्तगीरचं. त्याच्या वडलांनी मिस्त्रींच्या हातात पहिल्यांदा गन दिली, आणि त्या दिवसापासून मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाकडं काम केलं नाही. पण वडील गेले होते आणि दस्तगीर मुलासारखा असला तरी मालक होता. गेल्या काही महिन्यांत एका जीपच्या आरशावर रंग उडाला, मग एका लग्नाच्या गाडीच्या काळ्या पट्टीवर. दोन्ही वेळा बोलणी मी खाल्ली, कारण कागद माझा. त्या सकाळी डॉक्टरांना आणायला जाताना दस्तगीर पाय अडकल्यासारखा दारात थांबला होता.

"मिस्त्री, आज काही होऊ देऊ नका. इचलकरंजीचा एक पेंटर पोरगा कामाचं दोनदा विचारून गेलाय. मला त्याला हो म्हणायला लावू नका," एवढं बोलून तो गेला होता.

मिस्त्री नुसती गनची सुई पुसत बसले होते. गन गेली तर आमचं काय होईल, हे मला पैशाच्या हिशेबात नव्हे, दुसऱ्याच रीतीनं दिसत होतं. टायफॉइड झाला तेव्हा हा माणूस पंधरा दिवस घरी होता, तर भिंतीकडं तोंड करून झोपायचा. पोरगा पुण्याहून आला तर त्याच्याशीही बोलला नाही. बरं वाटल्यावर गॅरेजात आला, कंप्रेसर लावला, आणि दगडूच्या आईवरून एक शिवी हासडली. तेव्हा मला वाटलं, आला माणूस परत.

"थांबा, मी करतो," म्हणून दगडू गेला आणि थिनरमध्ये बुडवलेला बोळा घेऊन आला. मी काही म्हणायच्या आत त्यानं बंपरच्या कोपऱ्यावर तो जोरात फिरवला.

"अरे ए, प्लॅस्टिक हाय ते!" मिस्त्री ओरडले.

"असंना का. जन्मभर बंपर थिनरनंच पुसल्यात."

"ते लोखंडाचे होते, गाढवा!"

दगडूनं बोळा उचलला. त्या बंपरवर बारीक दाणे होते, चामड्यावर असतात तसे. थिनरनं रंग विरघळला आणि निघायच्या ऐवजी दुधासारखा होऊन त्या दाण्यांच्या खाचांत शिरला. वर प्लॅस्टिकही मऊ झालं होतं. दगडूनं घाबरून बोट लावलं, तर बोटाचा ठसा उमटला.

तिघंही त्या ठशाकडं बघत राहिलो.

"तोंड बघू नका माझं," दगडू म्हणाला. "माझ्या बापानं असल्या खेळण्यांच्या गाड्या बघितल्या नव्हत्या."

"रॉकेल आण," मिस्त्री म्हणाले. "आणि दातांचा ब्रश. कुणाचा असंल त्याचा."

"माझा हाय. न्हाईतरी दात कुठं उरल्यात."

त्यानं गॅरेजात अंघोळ करायच्या खोलीतून ब्रश आणला आणि एका वाटीत रॉकेल. मी बंपरसमोर मांडी घालून बसले. रॉकेल हळू काम करतं, पण प्लॅस्टिकला खात नाही. ब्रश बुडवायचा, थोडा झटकायचा, दाण्यांच्या रेघेनं घासायचा, आडवा नाही. मग फडक्यानं टिपायचं, चोळायचं नाही. चोळलं की निघालेला रंग पुन्हा खाचेत. एवढं मला कळत होतं. पण बंपर लांबलचक होता आणि रंग वाळत चालला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर रॉकेलनंही निघाला नसता. नखानं काढायला लागले. नखांत पांढरं भरलं. एक नख मुळातून दुखावलं आणि रक्त आलं, तेही रॉकेलात मिसळलं. मी थांबले नाही.

"दगडू, दाराकडं बघ," मी म्हटलं. "गाडी दिसली की सांग."

"बघतोय. वहिनी, तो कोपरा राहिला."

"दिसतोय मला. तू दाराकडं बघ."

दिव्याचं काम मिस्त्रींनी घेतलं. पूर्वी दिव्याची काच खरी काच असायची, ब्लेडनं खरवडली की झालं. हा दिवाही प्लॅस्टिकचाच. त्याला ब्लेड चालत नाही, थिनर तर नाहीच. त्यांनी बादलीत साबणाचं पाणी केलं, सगळ्यात बारीक पॉलिश पेपर त्यात भिजवला, आणि दिव्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन गोल गोल फिरवू लागले. मग पाणी टाकलं, मऊ फडक्याला चकाकी आणणारं कंपाऊंड लावलं आणि घासत राहिले. मी मधूनच वर बघायची. त्यांचा हात बघून मला थोडा धीर आला. तो हात कधी घाई करत नसे. त्या दुपारीही केली नाही.

"झालं," ते म्हणाले. "बघ, आरसा केला."

मी फडकं टाकून उठले. दिवा मधोमध असा लखलखत होता की माझं तोंड दिसत होतं. आणि त्या लखलखत्या भागाच्या बाहेर, कडेकडेनं, दह्याचं बोट फिरवावं तसा पांढरा रंग जसाच्या तसा होता. त्याला हातही लागला नव्हता.

मला वाटलं मस्करी करतायत.

"आणि हे?"

"हे काय?"

"हे कडेचं. हे कोण काढणार, दगडू?"

त्यांनी दिव्याकडं पाहिलं. मग मान थोडी इकडं, थोडी तिकडं केली. एखादं भांडं उन्हात धरून चीर शोधावी तशी.

"करणारच होतो ते," ते म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मला सांगता येत नाही. विचार असा काही नव्हता. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते. मी माझा हात उचलला आणि त्यांच्या कानाशेजारी धरला. बोटं हलवली. ते दिव्याकडंच बघत होते. मी हात पुढं नेला, गालाच्या रेषेत. पुन्हा बोटं हलवली. रॉकेलनं ओली, रक्तानं लाल बोटं. काही नाही. आणखी पुढं नेला. जवळजवळ नाकासमोर हात आल्यावर ते दचकून मागं सरकले.

"काय करतीयास?"

दगडू दारात पाठमोरा उभा होता.

मिस्त्रींनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. खाली बसले. मीही बसले. पुन्हा ब्रश उचलला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"कधीपासनं?" मी हळू आवाजात विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासनं कळायला लागलं. त्याच्या आधी किती गेलं हुतं, कुणाला ठावं."

"ती घरातली थेंबांची बाटली. डोळ्यात थिनर उडालं म्हणून आणली म्हणालात."

"व्हय."

"डोळ्यांचा डॉक्टर काय म्हणाला?"

"काचबिंदू म्हणाला. कडेकडेनं जातं. समोरचं ऱ्हातं शेवटपर्यंत." ते कंपाऊंडचं फडकं घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घडी घालत होते. "नळीतनं बघितल्यागत दिसतंय. जिथं बघतो तिथलं स्वच्छ. एकदम स्वच्छ. म्हणून तर रंग चुकत न्हाई माझा. बघ, पत्र्यावर कुठं डाग हाय का."

नव्हता. चाकावरचा पत्रा अंड्यासारखा गुळगुळीत आणि एकसारखा पांढरा झाला होता.

"मोतीबिंदूसारखं काढता येत न्हाई?"

"गेलं ते येत न्हाई म्हणाला. थेंब घालत ऱ्हायचं. म्हणजे हळू जाईल."

"मग जीपच्या वेळी... त्या लग्नाच्या गाडीला..."

"तुझा कागद नीटच हुता," ते म्हणाले. "दोन्ही वेळा."

त्या दोन गाड्यांनंतर मी टेपेचे दुहेरी पट्टे मारायला लागले होते. माझ्या हातातली ताकद गेली, बोटं म्हातारी झाली, असं समजून मी घरी पिठाच्या गोळ्यावर बोटं दाबून बघत असे. आणि मिस्त्री शेजारी बसून ते बघत होते.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तू मला गन धरू दिली असतीस?"

मी ब्रश पुन्हा रॉकेलात बुडवला.

"दस्तगीरला सांगू नको," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, बाळंतिणीचा असतो तसा, आत ओढलेला. "गन सुटली की मी संपलो, चांगुणा. आणखी थोडे दिवस. समोरचं दिसतंय तवर."

त्यांनी माझं नाव फार क्वचित घेतलं असेल.

मी घासत होते. बंपरचा बराचसा भाग काळा झाला होता, पण दगडूच्या थिनरचा कोपरा तसाच धुरकट होता आणि तो तसाच राहणार हे मला कळलं होतं. तो कुणालाही दिसला असता.

"कागद माझा सुटला म्हणून सांगते," मी म्हटलं.

"न्हाई."

"दोनदा बोलणी खाल्लीच की. तिसऱ्यांदा खाते."

"चांगुणा..."

"तुम्ही नुसते गप बसा. एवढंच करा. मी बोलीन, तुम्ही गप बसा."

ते गप्पच होते. ते हो होतं की नाही, हे मला कळायच्या आत दारातून दगडूचा आवाज आला.

"आली!"

दिव्याची कड राहिली होती. मी हातातलं फडकं तिच्यावर दाबलं, साबणाचं पाणी ओतलं, पेपर फिरवला. बोटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून हात फिरवला. पिशवीतून बोटांना न दिसणारी धूळही खरखरीत लागते. खरखर होतीच. अजून पेपर. अजून पाणी. दस्तगीरच्या गाडीचं दार वाजलं. मी कड नुसती ओरबाडत होते. जितकं निघालं तितकं निघालं.

दस्तगीर आणि डॉक्टर आत आले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर पाटणे, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, शर्टावर वाळलेलं शेण. बाजूनं उसाची ट्रॉली घासून गेली होती त्यांच्या गाडीला. त्यांनी नवा रंग पाहिला आणि तोंडातून "वा!" निघालं. मला वाटलं, सुटलो.

पण दस्तगीरचा डोळा मालकाचा. तो सरळ बंपरच्या कोपऱ्याशी जाऊन खाली वाकला.

"हे काय?" तो म्हणाला. "मिस्त्री, हे काय?"

"कागद माझा निसटला," मी पुढं होऊन म्हटलं. "टेप नीट बसली नव्हती. रंग उडाला, तो काढताना थिनर लागला."

"थिनर मी लावला," दगडू म्हणाला. "भाई, ती चूक माझी."

"थिनरचं नंतर बघू. कागद सुटला कसा?" दस्तगीर माझ्याकडं बघत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. "भाभी, ही तिसरी बारी. तिसरी. दर वेळी मी काय सांगू लोकांना? कागद लावायला बाई ठेवलीय, तिच्या हातनं होत न्हाई?"

"चुकलं."

"चुकलं म्हणून किती दिवस चालायचं? गावात हसतात मला. तुम्हाला आई मानतो म्हणून बोलत न्हाई."

"बरोबर हाय तुझं."

त्यानं सुस्कारा टाकला. डॉक्टर अवघडून दुसरीकडं बघत होते. "उद्यापासनं तुम्ही येऊ नका, भाभी," दस्तगीर म्हणाला. "घरी बसा. भाचा हाय माझा, तो कागद लावील. मिस्त्रींचं काम चालू ऱ्हाईल. त्याला काय लागत न्हाई."

मला पाहिजे होतं ते हेच. गन राहिली. आणि लगेच दुसरं सुचलं, ते आधी सुचायला पाहिजे होतं. भाचा कागद लावील. पण कागद सुटला तर ओरडणार कोण? रोज त्यांच्या कडेला उभी असायची ती मी. त्या जीप आणि लग्नाच्या गाडीच्या मधल्या सगळ्या गाड्या नीट झाल्या त्या मी शेजारी होते म्हणून. आज पाण्याला गेले तेवढ्यात हे झालं. मी घरी बसले तर चार दिवसांत सगळं उघडं पडणार होतं, आणि तेही माझ्यामाघारी, भाच्यासमोर, परक्या गिऱ्हाईकांसमोर.

तरी चार दिवस तर मिळत होते. चार दिवसांत काहीतरी सुचेल, असं वाटलं. मी मिस्त्रींकडं पाहिलं. ते दस्तगीरच्या समोर उभे होते आणि त्यांचा खालचा ओठ हलत होता. बोलणार, हे मला दिसलं. आमच्यामध्ये गाडीचं नाक होतं, हात पोचत नव्हता. मी ओठांवर बोट ठेवलं. मान हलवली, नको, नको. दोन्ही हात जोडले. दस्तगीर बघतोय की नाही, त्याचीही पर्वा केली नाही.

हात जोडलेले असतानाच मला कळलं की मी त्यांच्या कडेला उभी आहे.

"दस्तगीर, कागद तिनं नीट लावला हुता," मिस्त्री म्हणाले. "तिन्ही वेळा. सुटला तो मला दिसला न्हाई."

"लक्ष नव्हतं तुमचं?"

"लक्ष हुतं. दिसला न्हाई. मला कडंचं दिसत न्हाई."

दस्तगीर हसला. खरंच हसला. "काय मस्करी करताय. हा पत्रा काय आंधळ्यानं रंगवला?"

"समोरचं दिसतंय."

दस्तगीर त्यांच्याकडं बघत होता. मग पायातल्या रबरी चपला न वाजवता तो दोन पावलं बाजूला सरकला. त्यांच्या उजव्या हाताशी जाऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याचा श्वास लागला असता.

मिस्त्री थोडा वेळ तसेच उभे होते. मग त्यांची मान इकडून तिकडं फिरू लागली.

"दस्तगीर?" ते म्हणाले. "कुठं गेलास?"

दगडूनं तोंड फिरवलं.

"इथंच हाय, चाचा," दस्तगीर म्हणाला. मालक झाल्यापासून तो त्यांना मिस्त्री म्हणत असे. चाचा हे त्याच्या लहानपणचं.

डॉक्टर पुढं आले. त्यांनी मिस्त्रींना उजेडाकडं वळवलं आणि विचारलं, "थेंब घालता का?" मिस्त्री हो म्हणाले. "रोज?" त्यावर ते रुमालानं हात पुसायला लागले. "रोज घाला," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडं म्हशी येतात, मिस्त्री. त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला तर येत होतं."

मग बंपरकडं बघून म्हणाले, "आणि याचं काय एवढं? ही गाडी दिवसभर गोठ्यात असते. उद्या एखादी गाय त्याच्यावर ढुशी मारील. राहू दे."

राहू दे. त्यासाठी माझी नखं फुटली होती.

दस्तगीर जुन्या टायरवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांत. "अब्बानं तुमच्या हातात दिली," तो गनकडं बघून म्हणाला. "मी कशी घेऊ ती?"

"तू घेऊ नको. मी ठेवतो."

त्यांनी गनच्या कपात उरलेला पांढरा रंग डब्यात परत ओतला. थिनर घातलं, हलवलं, आणि मातीवर गन चालवली. आधी दुधासारखं निघालं, मग ताकासारखं, मग पाण्यासारखं. सुई काढली, पुसली. गनचं तोंड उघडलं, तारेनं साफ केलं, पुन्हा बसवलं. हे सगळं ते गनकडं न बघता करत होते, गाडीच्या पत्र्याकडं बघत. मग गन दस्तगीरच्या मांडीवर ठेवली.

"इचलकरंजीच्या पोराला सांग," ते म्हणाले, "रोज अशी धुवायची. उद्या धुतो म्हणाला तर त्याला ठेवू नको."

आम्ही निघालो तेव्हा कुणी या म्हणालं नाही, जाऊ नका म्हणालं नाही. दगडू रस्त्यापर्यंत आला आणि माझ्या हातात त्याचा तो ब्रश देऊन गेला. का दिला, त्यालाही माहीत नसेल.

मी समोर उभी असते तर ते गप्प बसले असते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. दोन्ही बाजूंनी पाट्या, हातगाड्या, माणसं, बैलं. मी पुढं आणि ते मागं, असे आम्ही शिरलो. थोडं चाललो असू, तर त्यांचा पाय एका टोपलीला लागला आणि वांगी रस्त्यावर गडगडली. बाई ओरडायला लागली. मी वाकून वांगी गोळा केली. ते तसेच उभे होते, हात थोडे पुढं केलेले.

"चांगुणा," ते म्हणाले.

"हां."

त्यांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला. भर बाजारात. आमच्याकडं नवराबायको रस्त्यानं जाताना चार हात अंतर ठेवून जातात, मग लग्नाला किती का वर्षं झालेली असेनात.

"काय मिस्त्री," चहाच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलं, "नवीन लगीन केलं व्हय!"

हसले लोक. हात खांद्यावरून उचलला गेला नाही. उलट घट्ट झाला. बोटांना थिनरचा वास होता.

"चल," ते म्हणाले. मी चालू लागले.

"उजव्या अंगाला काय हाय?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"भांडीवाला."

"आणि डाव्या?"

"शेंगांचा ढीग. त्याच्यापुढं एक म्हातारी सुया विकतीया."

"आणि वर? इथं कोपऱ्यावर पत्र्याची पाटी हुती मोठी. हाय का?"

"हाय. रंग नवा दिसतोय."

ते थांबले. पाट्या आणि नंबरप्लेटा त्यांनी आयुष्यभर रंगवल्या होत्या. "कुणी रंगवली? काय लिहिलंय?"

"मला कुठं वाचता येतंय."

एवढी वर्षं मी रद्दीचे कागद गाड्यांना चिकटवले, सरळ की उलटे, मला सारखेच. त्यांना ते माहीत होतं. तरी माझं बोलणं ऐकून ते एकदम नवीनच काहीतरी कळल्यासारखे माझ्याकडं वळले. मागची माणसं आम्हाला ढकलून पुढं जात होती. हातगाडीवाला ओरडत होता, बाजूला व्हा म्हणून. मान वर करून, डोळे बारीक करून ते ती पाटी त्यांच्या नळीत धरायला बघत होते, आणि गर्दीच्या धक्क्यानं ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

"सांग मला," ते म्हणाले. "पहिलं अक्षर. कसं दिसतंय?"

"काठी हाय उभी."

"आणि?"

"काठीच्या डाव्या अंगाला गोल पोट."

"पोटात तिरकी काडी हाय का मोकळं हाय?"

मी टाचा उंच केल्या. खांद्यावरचा हात माझ्याबरोबर वर आला.

"मोकळं."

"मग तो व," ते म्हणाले. "पुढं."